ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर झटक्याने पडतात? सॉफ्टवेअर अपडेटचा उपयोग कधी होतो, कधी नाही

शेतमाल वाहतुकीसाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअप मॅन्युअल गिअरच्या आहेत. मात्र टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा ऑटोमॅटिक गिअरच्या पिकअपही आता मोठे बागायतदार घेऊ लागले आहेत. या गाड्यांत गिअर झटक्याने बदलणे, उशिरा पडणे किंवा थरथर होणे अशा तक्रारी आल्या, की वर्कशॉपमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला काही वेळा अगदी बरोबर असतो. काही वेळा मात्र खरा दोष तसाच राहतो आणि ऐन काढणीच्या हंगामात भरलेली गाडी घाटात अडकते. त्यामुळे अपडेटने काय सुधारते हे आधी समजून घ्यावे.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे क्लच करतात. कोणत्या क्लचला, कधी आणि किती दाबाने तेल द्यायचे हे कंट्रोल युनिट ठरवते. त्यासाठी ते गाडीचा वेग, ॲक्सिलरेटर, इंजिनवरील भार आणि तेलाचे तापमान यांची माहिती सेन्सरकडून घेते आणि सोलेनॉइडमार्फत तेलाचा दाब बदलते.

क्लच थोडे झिजले, की कंट्रोल युनिट दाब आणि वेळ हळूहळू जुळवून घेते. याला ‘ॲडॅप्टेशन’ म्हणतात. अपडेट करताना गिअर बदलण्याचे नियम नवीन भरले जातात आणि बऱ्याचदा जुने ॲडॅप्टेशन पुसले जाते. म्हणजेच अपडेटने फक्त ‘हुकूम’ बदलतो. तेल, क्लच, सील, बुश हे भाग जसे आहेत तसेच राहतात.

अमेरिकेतील तीन उदाहरणे

अमेरिकेत पिकअप मोठ्या प्रमाणात ऑटोमॅटिक असल्याने तेथील अनुभव मार्गदर्शक आहे.

*१. अपडेट हाच उपाय ठरला:* २०११ ते २०१३ च्या सहा गिअरच्या फोर्ड एफ-१५० गाड्यांत वेगाचा सिग्नल मध्येच तुटल्यास गिअरबॉक्स अचानक पहिल्या गिअरवर येण्याचा धोका होता. २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून त्यांचे सॉफ्टवेअर बदलण्यात आले. २०२४ मध्ये २०१४ च्या सुमारे साडेपाच लाख गाड्यांसाठी हाच उपाय जाहीर झाला. चुकीचा सिग्नल आला तरी चुकीचा गिअर पडू नये, हे सॉफ्टवेअरला शिकवता येते.

*२. दोष तेलात निघाला:* जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या पिकअपमध्ये ठरावीक वेगाला थरथर जाणवे. गिअरबॉक्समधील तेल ओलावा शोषून घेत असल्याने टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच नीट पकडत नव्हता. जुने तेल पूर्ण काढून नव्या प्रकारचे तेल भरणे, हा त्यावरचा उपाय ठरला.

*३. सुटा भाग बदलावा लागला:* फोर्डच्या दहा गिअरच्या गिअरबॉक्समध्ये झटके बसण्याच्या अनेक तक्रारी आल्या. काही गाड्यांत अपडेट आणि नव्या ॲडॅप्टेशनने फरक पडला. पण ज्या गाड्यांत क्लच ड्रममधील बुश जागेवरून सरकले होते, तेथे तेलाचा दाब गळत होता. अशा वेळी ड्रम बदलण्याला पर्याय नव्हता.

लक्षणांवरून अंदाज

- नवी गाडी, तेल योग्य, रिकामी व भरलेली असताना एकाच ठरावीक गिअरला सारखाच झटका: अपडेट किंवा ॲडॅप्टेशनने फरक पडण्याची शक्यता जास्त.
- एकसारख्या वेगाला रस्त्यावरील खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर: आधी तेल आणि टॉर्क कन्व्हर्टर तपासावा.
- इंजिनचे आरपीएम वाढतात, पण गाडी ओढत नाही: क्लच घसरत असण्याची शक्यता. गाडी भारासह चालवू नये.
- गाडी गरम झाल्यावरच त्रास: तेलाची पातळी, कूलर आणि अतिभार तपासावा.
- गाडी एकाच गिअरमध्ये अडकते व दिवा लागतो: माल उतरवून वर्कशॉपला कळवावे.

अपडेट करण्यापूर्वी

१. त्रास केव्हा होतो याची नोंद आठवडाभर ठेवावी: गाडी थंड की गरम, रिकामी की भरलेली, कितव्या गिअरला, किती वेगाला. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना ही नोंद ठेवण्यास सांगावे. वर्कशॉपमधील तपासणी त्यामुळे सोपी होते.

२. स्कॅनर लावून एरर कोड वाचून घ्यावेत व लिहून घ्यावेत. कोड पुसून टाकण्याआधी त्यांचा फोटो काढावा.

३. तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तपासावी. तेल काळे, जळक्या वासाचे किंवा धातूचा चुरा असलेले असेल, तर अपडेटवर खर्च करण्याआधी गिअरबॉक्सची तपासणी करावी.

४. गाडीच्या चासी नंबरनुसार नवे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे का आणि ते कोणत्या तक्रारीसाठी आहे, हे अधिकृत केंद्रात विचारावे. वॉरंटी असल्यास तक्रार जॉब कार्डवर लेखी नोंदवावी.

अपडेट करताना व नंतर

- अपडेट सुरू असताना बॅटरीचा व्होल्टेज उतरू नये म्हणून चार्जर जोडलेला असावा. मध्येच वीज तुटल्यास कंट्रोल युनिट निकामी होऊ शकते.
- अपडेटनंतर गिअरबॉक्स नव्याने शिकतो. सुरुवातीला गिअर थोडे खडबडीत पडू शकतात. हलक्या पायाने, वेगवेगळ्या वेगाला, शक्यतो रिकामी गाडी चालवावी. लगेच पूर्ण भार घालून घाट चढू नये.
- काही दिवसांनी तोच त्रास परत आला, तर पुन्हा पुन्हा ॲडॅप्टेशन पुसून घेऊ नये. यंत्रातील दोष शोधण्याचा आग्रह धरावा.

पॉवर वाढवणारे ‘रिमॅप’ वेगळे

बाहेर मिळणारे रिमॅप म्हणजे कंपनीचे अपडेट नव्हे. हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन मॅन्युअलसोबत ४२० आणि ऑटोमॅटिकसोबत ५०० न्यूटन मीटर टॉर्क देते. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे सेटिंग जोडीनेच ठरते. त्यात परस्पर बदल केल्यास क्लचवर जादा ताण येतो आणि वॉरंटीही अडचणीत येऊ शकते.

रोजच्या वापरात

मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये. घाट उतरताना खालचा गिअर स्वतः निवडावा, म्हणजे ब्रेकवर ताण कमी येतो. शेतातील चिखलात चाके सतत फिरवत ठेवू नयेत. तेल झपाट्याने तापते. जड वाहतूक असल्यास तेल बदलण्याचा कालावधी मॅन्युअलमधील कठीण वापराच्या तक्त्यानुसार धरावा आणि कंपनीने सांगितलेल्या प्रकारचेच तेल वापरावे.

थोडक्यात, आधी तेल, मग कोड, मग सॉफ्टवेअर हा क्रम पाळावा. हंगाम सुरू होण्यापूर्वीच तपासणी केल्यास नाशवंत माल भरलेली गाडी रस्त्यात थांबण्याची वेळ टळते.