सलंगेवरचे पाणी

वैनगंगा आणि चुलबंद यांच्या पाण्यावर पोसलेल्या लाखांदूरच्या धानपट्ट्यात, आणि तेथून पूर्वेस नवेगावबांधापर्यंत पसरलेल्या जुन्या भंडारा जिल्ह्यात, जे असंख्य तलाव मालगुजारांच्या अमलात नांदले, त्यांची मातीची पाळ, पाळीच्या पोटातून पाणी सोडणारे तुडुम आणि जादा पाणी वाहून नेणारी सलंग ही कोहळी समाजाच्या पिढीजात कसबाची तीन अंगे होत. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना कोहळ्यांना या मुलखात आणले, अशी परंपरा रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली नोंदवली आहे. तिची सत्यता इतिहासकारांनी ठरवावी. मला मोह आहे तो सलंगेचा.

भर श्रावणात तलाव तुडुंब भरला की सलंगेच्या माथ्याशी पाण्याचा पृष्ठभाग हलकेच खाली झुकतो. माथ्याच्या अलीकडे खडा टाकला तर त्याची लहर तलावाकडे मागे सरकते. पलीकडे टाकला तर ती मागे येऊच शकत नाही, प्रवाह तिला ओढून नेतो. या दोहोंच्या सीमेवर गणिताचा एक विलक्षण बिंदू वसतो. प्रवाहाची ऊर्जा पुढे कशी घटते हे विकलक समीकरण सांगते, तर त्या ऊर्जेशी पाण्याची खोली जखडून ठेवण्याचे काम बैजिक समीकरण करते. एकाच ऊर्जेला एक संथ आणि एक वेगवान अशा दोन खोल्या संभवतात, आणि माथ्यावर त्या दोन्ही एकरूप झाल्यामुळे खोलीचा उतार काढू जाता भागाकारात अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात. बेलांजेने १८२८ साली अशा प्रवाहाचे समीकरण मांडले, प्वांकारेने १८८१ पासून विलक्षण बिंदूंचे वर्गीकरण केले, आणि १९३८ साली पिएर मासे याने ते वर्गीकरण वाहत्या पाण्याला लावून दाखविले.

जेथे समीकरण अडते, तेथेच मोजणी सर्वांत सोपी होते, हे मला या विषयाचे खरे वैभव वाटते. सलंगेचा माथा पुरेसा रुंद असेल तर त्यावरची खोली मागच्या साठ्याच्या माथ्यावरील उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश भरते, आणि ती उंची दुप्पट झाली की विसर्ग जवळजवळ पावणेतीनपट होतो. कोहळी पाटलापाशी हे सूत्र नव्हते. परंतु सलंग किती लांब ठेवली असता पाळ वाचते, याचा निर्णय त्याला पुराच्या अनुभवावरून घ्यावाच लागे.

पाण्याची वहिवाट गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावरूढींच्या नोंदपत्रात, नमूद असे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले, आणि मालगुजाराच्या देखरेखीतली डागडुजी सरकारी दप्तराच्या अधीन झाली. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात गाळाआधी सलंगेचे माप यावे, असे मी आग्रहाने म्हणतो; कारण गाळाने वा अतिक्रमणाने तिची निम्मी लांबी बुजली, तर तेवढाच पूर पलीकडे जाण्यास माथ्यावरील पाणी पूर्वीच्या दीडपटीहूनही उंच चढावे लागते, आणि ती चढलेली उंची मातीच्या पाळीलाच सोसावी लागते.