विझार्डसमोर फायटर फिका का पडतो? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या जादुई तलवारीची गोष्ट

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसून, आरडाओरडा करत फासे टाकत असतात. तो गेम म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजेच डी अँड डी. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

यात प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो. क्लास म्हणजे इथे शिकवणी नव्हे, पेशा. फायटर तलवार चालवतो, विझार्ड मंत्र टाकतो, क्लेरिक जखमा भरतो आणि रोग कुलपं उघडतो. (हो, नाव 'रोग'च आहे. आजाराशी संबंध नाही.)

या गेमइतकंच जुनं एक भांडण आहे. लेव्हल वाढली की फायटर आणखी जोरात तलवार मारतो. विझार्ड मात्र उडायला लागतो, अदृश्य होतो, क्षणात दुसरीकडे पोहोचतो. एकाची वाढ बेरजेची, दुसऱ्याची गुणाकाराची. हा प्रश्न फक्त कागदावरचा नाही. आमच्या रविवारच्या गेममध्ये फायटर खेळणारा मित्र तिसऱ्या तासाला रील्स बघत बसला होता, कारण दरी ओलांडायची कशी, दार उघडायचं कसं, राजवाड्यात शिरायचं कसं, या सगळ्याची उत्तरं विझार्डकडेच होती.

यावर एक जुना उतारा आहे, तो म्हणजे जादुई वस्तू.

तलवार फायटरचीच

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ मध्ये हा गेम आणला तेव्हा क्लास तीनच होते. जादूगाराला हत्यार म्हणून फक्त खंजीर चालायचा आणि क्लेरिकला धारदार शस्त्र वर्ज्य होतं. पण खजिन्यात काय सापडलं हे ज्या तक्त्यांवरून ठरायचं, त्यांत जादुई तलवारींना चांगलीच जागा होती. म्हणजे तलवार सापडली की ती कोणाची यावर वादच नाही.

आणि या तलवारी नुसत्या धारदार नव्हत्या. काहींना स्वतःची बुद्धी होती. त्या गुप्त दरवाजे शोधायच्या, अदृश्य शत्रू दाखवायच्या. नशीब जोरावर असेल तर तलवारीमुळे उडताही यायचं. जे विझार्डला मंत्रातून मिळायचं, त्यातलं थोडंफार फायटरला तलवारीतून मिळत होतं. माझ्या मते क्लासमधला समतोल तेव्हा नियमांपेक्षा खजिन्यात जास्त होता.

मग जादूचं दुकान उघडलं

१९९७ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने हा गेम विकत घेतला आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आणली. आता प्रत्येक जादुई वस्तूला किंमत होती. +१ तलवारीच्या जादूचे २,००० सोन्याचे तुकडे, +५ चे ५०,०००. कुठल्या लेव्हलच्या पात्राकडे किती संपत्ती असावी, याचाही तक्ता होता.

वरवर पाहता हे रास्त वाटतं. पण गोम वस्तू बनवण्यात होती. अर्ध्या किमतीत आणि थोडे अनुभवाचे गुण खर्चून वस्तू घरीच तयार करता यायची, मात्र त्यासाठी मंत्र येणं आवश्यक. विझार्डला मंत्राच्या गुंडाळ्या लिहिण्याचं कौशल्य पहिल्याच लेव्हलला फुकट मिळायचं. आणि फायटरला जादुई तलवार हवी असेल तर ती बनवायला सहसा विझार्ड किंवा क्लेरिकच लागायचा!

रोगची अवस्था आणखी वाईट. कुलूप उघडणाऱ्या 'नॉक' मंत्राची कांडी ४,५०० ला मिळायची आणि ती ५० वेळा चालायची. रोगला मात्र प्रत्येक कुलपासाठी फासा टाकावा लागायचा.

वर वस्तू ही चैन राहिली नव्हती, गरज झाली होती. या आवृत्तीत टॅरास्क या महाकाय राक्षसाचा बचावाचा आकडा ३५ होता. +५ तलवार नसेल तर फायटरचे बरेच वार हवेत जायचे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना जवळपास एकाच साच्यातल्या शक्ती देऊन पाहिल्या. समतोल साधला, पण 'सगळे सारखेच वाटतात' म्हणून अनेक जुने खेळाडू रुसले.

२०१४: वस्तू गणिताबाहेर

पाचव्या आवृत्तीने आकडेच आटोक्यात आणले. टॅरास्कचा बचाव २५ वर आला. तलवारी +३ च्या पुढे जाईनात. शिवाय 'अट्यूनमेंट'चा नियम आला. ताकदवान वस्तूंशी पात्राला नातं जोडावं लागतं आणि अशी नाती एका वेळी तीनच. जादुई वस्तू मिळाल्याच पाहिजेत असं आता गणित धरत नाही.

फक्त एक विसंगती राहिली. अनेक राक्षसांना साध्या शस्त्राची इजा निम्मीच व्हायची, म्हणजे वस्तू 'ऐच्छिक' असूनही तलवारवाल्याला ती लागायचीच. विझार्डच्या फायरबॉलला असली अट नव्हती. २०२४ च्या नियमपुस्तकात फायटरसारख्या क्लासना शस्त्रांच्या खास करामती मिळाल्या आणि २०२५ च्या राक्षसांच्या पुस्तकातून ही निम्म्या इजेची अटही गेली.

मग डंजन मास्टरने द्यायचं काय?

आधी आकडे बघू. पाचव्या लेव्हलचा फायटर लाँगस्वोर्डने दोन वार करतो आणि लागलेल्या प्रत्येक वाराला सरासरी ८.५ इजा होते. +१ तलवार दिली तर ती ९.५ होते आणि नेम २० पैकी एका फाशाने सुधारतो. 'फ्लेम टंग' ही पेटती तलवार दिली तर थेट १५.५. त्याच लेव्हलला विझार्डचा फायरबॉल सरासरी २८ इजा करतो, तीही वर्तुळात सापडलेल्या प्रत्येकाला, आणि जो स्वतःला सावरतो त्याला निम्मी. म्हणजे एकट्या शत्रूसमोर फ्लेम टंग फायटरला सहज बरोबरीत आणते.

पण खरी दरी इजेच्या आकड्यात नाहीच. ती 'मला काय काय करता येतं' यात आहे. म्हणून तलवारीपेक्षा 'विंग्ड बूट्स' जास्त कामाचे. ते घातले की दिवसात चार तास उडता येतं. आमच्या त्या मित्राला हे बूट मिळाले आणि पुढच्या वेळी दरीपलीकडे दोर बांधायला सगळ्यात आधी तोच गेला.

'गॉंटलेट्स ऑफ ओगर पॉवर' देताना मात्र सांभाळून. हे हातमोजे घालणाऱ्याची ताकद थेट १९ करतात. फायटरची ताकद आधीच १८ असेल तर वाराच्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही, कारण १८ आणि १९ दोन्हींना +४ च मिळतात. तेच मोजे १० ताकदीच्या क्लेरिकने घातले, की फायटरकडे एकट्याकडे असलेली गोष्टही वाटली जाते.