ड्रोनच्या फोटोतून संगणक आपलं घर कसं ओळखतो, आणि कुठे फसतो?

गावावर ड्रोन फिरला की पोरं मागे धावतात आणि मोठी माणसं एकच विचारतात, याने आपल्या घराची जागा कमी-जास्त तर होणार नाही ना? प्रश्न बरोबर आहे. ड्रोन नुसता फोटो काढतो. त्या फोटोतून घर, रस्ता, विहीर वेगळी काढायचं काम आता हळूहळू संगणकाकडे जातंय. ते कसं चालतं हे माहीत असेल तर नकाशा समोर आल्यावर काय बघायचं ते कळतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. शेताला सातबारा आहे, पण गावठाणातल्या घराला बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीच्या नमुना आठ शिवाय कागद नव्हता, आणि तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा नव्हे. म्हणून महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग, ग्रामविकास विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनने गावठाण मोजणी सुरू केली. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात पहिला प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना आणली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटल्या. शहरांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नक्शा’ हा वेगळा कार्यक्रम सुरू झाला.

ड्रोन शेकडो फोटो काढतो, एकावर एक चढलेले. ते जोडून, वाकडेपणा काढून एक मोठा मोजता येणारा फोटो बनतो. त्याला ऑर्थोफोटो म्हणतात. स्वामित्वच्या फोटोत एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरच्या साधारण ५ सेंटिमीटरचा असतो. तुलना करून बघा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो कुणालाही फुकट मिळतात, पण त्यांचा एक ठिपका १० मीटरचा. म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा एका ठिपक्यात गेला. त्यावर भात कसा आहे ते कळेल, पडवी दिसणार नाही. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगच ढग, तेव्हा तोही आंधळा.

आता संगणकाचं शिक्षण. एवढा मोठा फोटो त्याला एका घासात गिळता येत नाही, म्हणून तुकडे करतात. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा तुकडा घेतला तर तो जमिनीवर साडेपंचवीस मीटर चौरस भरतो, म्हणजे साडेसहा गुंठे. दहा हेक्टरचं गावठाण असेल तर दीडशेच्या वर तुकडे. मग माणसं बसून प्रत्येक तुकड्यात घरांच्या कडा हाताने आखतात. हे कौलारू, हे पत्र्याचं, हे स्लॅबचं, हा रस्ता, हे पाणी. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळं याच्यावरच उभं असतं. आखणाऱ्याने गोठ्याला घर म्हटलं तर संगणकही जन्मभर गोठ्याला घरच म्हणणार.

हे आखलेले तुकडे मॉडेलला पुन्हा पुन्हा दाखवतात. ते अंदाज करतं, चुकतं, चूक मोजली जाते, आतले लाखो आकडे थोडे हलवले जातात, परत अंदाज. यालाच डीप लर्निंग म्हणतात. या कामात यू-नेट नावाची रचना फार वापरतात. ती २०१५ मध्ये जर्मनीत सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी आखायला बनवली होती. पेशी काय आणि कौलं काय, कडा ओळखायची एवढंच तिचं काम.

परीक्षा कशी घेतात तेही बघा. खरं घर १०० चौरस मीटर, संगणकाने आखलेलंही १००, पण थोडं सरकलेलं, दोन्हीत सामाईक फक्त ८०. दोन्ही मिळून झाकलेली जागा १२०. गुण ८० भागिले १२०, म्हणजे ०.६७. क्षेत्रफळ तंतोतंत जुळलं तरी गुण कमी, कारण जागा चुकली. आणि ज्या गावावर शिकवलं त्याच गावात परीक्षा घेतली तर गुण फुगतात, जसं घरी सोडवलेलाच पेपर वर्गात आला. परीक्षा नेहमी न पाहिलेल्या गावात घ्यावी.

आपल्या भागात हा मुद्दा मोठा आहे. मराठवाड्यातली सपाट धाब्याची घरं पाहून शिकलेलं मॉडेल मुरबाड-शहापूरकडे आणलं तर गोंधळतं. इथे उतरती कौलं, त्यावर शेवाळ, आणि अर्धं छप्पर फणसाखाली. भाच्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मिळालेल्या फोटोवर त्याने मॉडेल चालवलं, तर पेंढ्याच्या उडवीवरची निळी ताडपत्री त्याने तळं म्हणून रंगवली. हसलो, पण कुणाच्या नकाशात हे गेलं तर हसू येणार नाही.

सगळ्यात मोठी गफलत वळचणीची. कॅमेऱ्याला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. भिंतींचं माप ६ बाय ८ मीटर असेल तर ४८ चौरस मीटर. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली की वरून ते ६६ दिसतं. अठरा चौरस मीटरचा फरक! शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असलेल्या घरात एवढ्यावरून कोर्ट होतं. एकाच आढ्याखाली दोन भावांची घरं असतील तर संगणकाला ते एक घर. चाळीतल्या खोल्यांचंही तेच.

कल्याण-डोंबिवलीत दुसरीच गंमत. स्लॅबच्या इमारतीवर गच्चीभर पत्र्याची शेड, की मॉडेल म्हणतं पत्र्याचं घर. उंच इमारतीची सावली शेजारच्या बैठ्या घराला गिळते. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२४ च्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मुलांना हाच प्रश्न दिला होता. ड्रोनच्या फोटोतून स्लॅब, कौल, पत्रा आणि इतर अशी छपरं, रस्ते आणि पाणी ओळखा, अचूकता ९५ टक्के हवी. ऐकायला छान. पण शंभरात पाच घरं चुकली तर ती पाच कुणाची?

बेकायदा बांधकामं यातून पकडता येतील, असं बरेच लोक म्हणतात. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले तर नवीन बांधकाम मॉडेल दाखवतं, हे खरं. पण डोंबिवलीतल्या त्या ६५ इमारती आठवा, ज्या पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तिथे महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. वरून त्या इमारती परवानगीवाल्या इमारतींसारख्याच दिसतात. खोटा कागद ड्रोनला दिसत नाही. घर घेणारे मात्र अडकले.

गावातल्या मुलांना करून बघायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तयार मॉडेल चालवायला डीपनेस नावाचं जोडकाम मिळतं. मॉडेल चालवायला बरा लॅपटॉप पुरतो. शिकवायला मात्र ग्राफिक कार्डवालं मशीन लागतं. स्वतःचा ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपला भाग हिरवा, पिवळा की लाल ते बघा. लाल भागात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मोजणी गावात आली तर हद्दीवर चुना स्वतः उभं राहून टाका, शेजाऱ्याला सोबत घ्या. भिंतीच्या बाहेर वळचण किती ते टेपने मोजून लिहून ठेवा. ताडपत्री, पेंढा, मांडव त्या दिवशी हलवता आला तर हलवा. प्रत्यक्ष हद्द आणि हक्क ठरवायचं काम चौकशी अधिकाऱ्याचं आहे, मॉडेलचं नाही, म्हणून चौकशीच्या दिवशी कामाला जाऊ नका. नकाशा समोर आला की आधी क्षेत्रफळ नाही, आकार बघा. पडवी, मोरी, मागचं अंगण, सामाईक बोळ कुठे गेलं ते बोटाने शोधा. काही चुकलं असेल तर तोंडी सांगून घरी येऊ नका. लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.