घरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्याने लस आधी घेणे म्हणजे रांग मोडणे का?

ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी कोविड लसीकरण सुरू झाले. 'जेसीव्हीआय' या सल्लागार समितीच्या प्राधान्ययादीत नऊ गट होते. सहाव्या गटात जोखमीचे आजार असलेल्या १६ ते ६४ वयाच्या लोकांबरोबर आणखी एक वर्ग होता : घरातल्या वृद्ध किंवा अपंग व्यक्तीची विनावेतन देखभाल करणारे. 'केअरर्स अलाउन्स' हा भत्ता मिळणारे (आठवड्याला किमान ३५ तास देखभाल, तेव्हाचा दर ६७.२५ पौंड) त्यात होतेच, पण भत्ता नसला तरी देखभालीची मुख्य जबाबदारी ज्यांच्यावर होती तेही होते.

धडधाकट तिशीतल्या मुलीला पन्नाशीतल्या शेजाऱ्याआधी लस! संकोच वाटणे साहजिक आहे. पण हा वशिला नव्हे. सुई तिच्या दंडात, हिशेब मात्र अंथरुणाला खिळलेल्या आईचा. भरवणे, कूस बदलणे, अंघोळ घालणे दोन मीटरवरून होत नाही. मुलगीच तापाने पडली, तर आईचे कोण करणार? शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर रुग्णाला स्वतःच्या लशीचा पुरेसा फायदा होईलच असे नाही. (लस घेतली तरी संसर्ग होऊ शकतो, म्हणून तेव्हा मास्क सुटला नव्हता.)

आणि नकार दिल्याने तो डोस आपोआप जास्त गरजूकडे जात नाही. फायझरची पातळ केलेली कुपी सहा तासांत संपवावी लागे, उरलेली लस टाकून द्यावी लागे.