नामकरणापूर्वीची तीस वर्षे

मराठीच्या प्राध्यापकाने व्हिस्कीवर लिहावे काय, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो. गेल्या ऑक्टोबरात ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे एका जुन्या मित्राकडे उतरलो होतो. एकेकाळी एकाच वसतिगृहात राहिलेले आम्ही चौघे तेथे जमलो. यजमानाने टेबलावर चार बाटल्या मांडल्या आणि जाहीर केले, "आज फक्त अमेरिकन सिंगल मॉल्ट." त्यावर दुसरा लगेच म्हणाला, "अरे, अमेरिकेची ती बर्बन. सिंगल मॉल्ट स्कॉटलंडची. उगाच नावे कशाला मिसळतोस?"

वाङ्मयप्रकार शिकवणाऱ्या माणसाला हा वाद परिचित वाटला. प्रकार आधी जन्मतो की त्याचे नाव? आणि नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

आक्षेप घेणारा मित्र इतिहासाला धरून बोलत होता. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकारांनी ऊर्ध्वपातनाची विद्या सोबत आणली. परंतु नव्या भूमीत मुबलक पिकत होते ते मका आणि राय. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९७ मध्ये माउंट व्हर्नन येथे भट्टी सुरू केली, ती जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या आग्रहावरून. त्या व्हिस्कीत ६० टक्के राय, ३५ टक्के मका आणि अवघे ५ टक्के मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू असे. स्कॉटिश माणसाच्या हातून घडलेल्या व्हिस्कीतही सातूची भूमिका विरजणाची होती: इतर धान्यांतील पिष्टाची साखर व्हावी एवढ्यापुरती. दुधापेक्षा विरजण कधी जास्त होत नाही, तसेच पुढे सव्वा-दीड शतक चालले. १९२० मध्ये देशव्यापी दारूबंदी आली. ती १९३३ मध्ये उठली तेव्हा बहुतेक लहान भट्ट्या विझून गेल्या होत्या. पुढे १९६४ मध्ये अमेरिकी संसदेने बर्बनला या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. जणू अभिजाततेचा दर्जाच.

'मॉल्ट व्हिस्की' असा एक प्रकार नियमांत होता, नाही असे नाही. पण त्यात सातूचा मॉल्ट ५१ टक्के असला तरी पुरे, आणि पिंप मात्र आतून जाळलेल्या नव्याच ओकचे हवे. ही सगळी मोजमापे बर्बनची. जुन्या, वापरलेल्या पिंपांत मुरवण्याची स्कॉटिश रीत तिच्यात बसत नव्हती. 'सिंगल मॉल्ट' या शब्दांना तर अमेरिकेत कायदेशीर अर्थच नव्हता. ('सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीत केलेली. एकाच पिंपातली नव्हे. हा गैरसमज आमच्या टेबलावरही होता.)

पहिली बाटली उघडली ती मॅकार्थीजची. स्टीव्ह मॅकार्थी यांनी १९८५ मध्ये पोर्टलंडमध्ये क्लिअर क्रीक डिस्टिलरी काढली, ती व्हिस्कीसाठी नव्हे. कुटुंबाच्या बागांतील पेअर फळांची ब्रँडी करावी, हा हेतू. आयर्लंडच्या सहलीत पावसाने अडकून पडले असता त्यांनी लागाव्हुलिन ही धुरकट स्कॉच चाखली आणि तिने त्यांना झपाटले. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःची व्हिस्की आणली. मॉल्ट मागवला तो थेट स्कॉटलंडहून, पीटच्या धुरावर वाळवलेला. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचलेल्या वनस्पतींचे इंधन. मुरवण्यासाठी मात्र ऑरेगनचा ओक. एक घोट घेऊन आक्षेपक म्हणाला, "हे तर सरळ अनुकरण आहे." खरे आहे. परंतु आपली कादंबरीही आरंभी अशीच परक्या साच्यात उभी राहिली, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि त्यासाठी तिला कमी लेखत नाही. उघड कृतज्ञतेने केलेले अनुकरण मला खोट्या स्वतंत्रपणापेक्षा नेहमीच बरे वाटत आले आहे.

दुसरी स्ट्रॅनाहन्स, कोलोरॅडोची. जॉर्ज स्ट्रॅनाहन यांच्या गोठ्याला आग लागली, ती विझवायला आलेल्या स्वयंसेवकांत जेस ग्रेबर होते; ओळख झाली आणि २००४ मध्ये डेन्व्हरला डिस्टिलरी निघाली. सातू शंभर टक्के, पिंप बर्बनच्या रीतीचे. गोडसर, कॅरमेलकडे झुकणारी. मला फारशी भावली नाही.

तिसरी सिअ‍ॅटलच्या वेस्टलंडची. २०१० मध्ये स्थापन झालेल्या या डिस्टिलरीने गॅरी ओक या वायव्य किनाऱ्यावरील स्थानिक वृक्षाची पिंपे वापरली. पण खरी शांतता पसरली ती चौथ्या बाटलीने. अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथील स्टीफन पॉल हे मेस्कीट लाकडाचे फर्निचर करीत. उरलेल्या तुकड्यांवर घरी मांस भाजले जाई. पीटवर मॉल्ट वाळवतात, तर मेस्कीटवर का नाही, हा प्रश्न त्यांच्या पत्नीचा. त्यातून व्हिस्की देल बाक निघाली. मेस्कीट म्हणजे आपल्याकडे माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीच्याच कुळातले झाड. सोलापूरकडच्या आमच्या मित्राने ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि म्हणाला, "आजीची चूल." आक्षेपकही काही बोलला नाही.

दरम्यान नावाची लढाई चालू होती. २०१६ मध्ये नऊ डिस्टिलरी शिकागोत एकत्र आल्या आणि त्यांनी व्याख्या लिहिली. सरकारी खात्याने प्रस्ताव मांडायला २०२२ उजाडले. नियम डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. शंभर टक्के सातूचा मॉल्ट, ऊर्ध्वपातन एकाच अमेरिकी डिस्टिलरीत, ओकचे पिंप ७०० लिटरपर्यंतचे. पिंप नवे की जुने, जाळलेले की न जाळलेले, याची सक्ती नाही. धूर कशाचा, यावर एक शब्द नाही. सातू अमेरिकेतलाच हवा असेही नाही! यजमानाला ही पळवाट वाटते. मला ती शहाणीव वाटते, कारण सातूच्या जन्मस्थानाची अट असती तर स्कॉटलंडहून मॉल्ट आणणारे मॅकार्थीच या व्याख्येबाहेर राहिले असते. खुपते ते वेगळेच. व्याख्या पक्की होईपर्यंत वेस्टलंड फ्रेंच रेमी क्वांत्रोने घेतली होती, टेक्ससची बाल्कोनीस २०२२ मध्ये डिआजिओने. आणि मॅकार्थी स्वतः जानेवारी २०२३ मध्ये वारले. आपण केले त्याला सरकारदरबारी काय म्हणतात, हे त्यांना कळले नाही.

रात्री उशिरा आक्षेपकाने बाटल्या दिव्याखाली धरल्या. मॅकार्थीजवर 'ऑरेगन सिंगल मॉल्ट', स्ट्रॅनाहन्सवर कोलोरॅडोचे नाव. 'अमेरिकन' लिहिले होते ते वेस्टलंडवर. "म्हणजे आधी हे वऱ्हाडी, कोकणी असेच होते," तो म्हणाला, "मराठी नंतर झाले." यजमानाने त्याच्यासमोर पुन्हा मॅकार्थीजच ओतली.