मोहल्ल्यातला प्लेग आणि सरकारचा कायदा

सार्वजनिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाना, डॉक्टर आणि औषधाची बाटली उभी राहते. वास्तविक दवाखाना हा त्यातला शेवटचा टप्पा. पिण्याचे पाणी, गटारे, घरात येणारा उजेड यांची काळजी सर्वांनी मिळून घ्यायची आणि रोगाला उंबरठ्याबाहेरच अडवायचे, हा या शास्त्राचा पाया आहे. अमेरिकेतील विन्स्लो यांनी 1920 मध्ये त्याची व्याख्या केली, तिच्यातही समाजाच्या संघटित प्रयत्नांवरच भर आहे. समाज सोबत नसेल तर हे शास्त्र लंगडे पडते. आपल्या मुंबईने हा धडा त्यापूर्वीच, मोठी किंमत मोजून घेतला होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. तिथे कच्छी, मेमन, खोजा व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि हमालांची दाट वस्ती होती. 1891 च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेले हे शहर काही महिन्यांत ओस पडू लागले. लाखो माणसे गावाकडे पळाली आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

इंग्रज सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा केला. घराघरांची झडती, रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेणे, रेल्वे स्थानकांवर बायाबापड्यांची तपासणी, दफनापूर्वी मय्यतीची पाहणी असे सगळे सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणेही बंद करण्यात आले. पुण्यात रँडच्या गोऱ्या शिपायांनी काय केले आणि 22 जून 1897 रोजी त्याच्यावर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. मदनपुऱ्यात काय झाले हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची वस्ती होती. 9 मार्च 1898 रोजी झडती पथकाला तिथल्या एका घरात तापाने फणफणलेली कोवळ्या वयाची मुलगी सापडली. परपुरुषाने तिला तपासावे हे घरच्यांना मान्य नव्हते. गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही हे ते रोज पाहत होते. पर्दानशीन बाईसाठी स्त्री डॉक्टर पाठवावी एवढी साधी गोष्ट वेळेवर झाली असती, तर कदाचित रक्त सांडले नसते.

याच शहरात दुसरे उदाहरणही घडले. ओडेसात जन्मलेल्या हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमक्ष लस घेतली. हाफकिनच्या कामासाठी त्यांनी आपली वास्तूही दिली. आपला माणूस पुढे झाला म्हटल्यावर हजारो खोजा स्त्रीपुरुषांनी दंड पुढे केले. शिपायाला जे जमले नाही ते विश्वासाने साधले.

खरे तर साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून पळूही नये, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. अमवासच्या ताऊनच्या वेळी खलिफा हजरत उमर वाटेतूनच मदिनेला परतले होते. तेव्हा विलगीकरणाची कल्पना मुसलमानाला परकी नव्हती. परकी होती ती ज्या रीतीने ती लादली गेली ती रीत. पुढे सरकारलाही हे उमगले. सक्ती हळूहळू सैल झाली आणि जातीजमातींनी चालवलेल्या इस्पितळांना वाव मिळाला.

विज्ञानाचीही गंमत पाहा. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो असे दाखवले. बरीच वर्षे कोणी ते मनावर घेतले नाही. म्हणजे सरकार माणसांना पकडत होते आणि उंदीर वखारीत मोकळे होते. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण उठवलेल्या गरिबांना पुरेशी घरे मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले.

2020 मध्ये कोरोना आला तेव्हा तोच 1897 चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. तबलिगी जमातीच्या निमित्ताने सबंध समाजावर बोट रोखले गेले. भाजीवाल्यालाही नाव विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे दिसते, असे निरीक्षणही नोंदवले. दुसरीकडे धारावीत गल्लीतल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी झाली आणि साथ आटोक्यात आली.

पुढची साथ केव्हा येईल ते अल्लाह जाणे. ती येण्याआधी आपल्या मोहल्ल्यात गटार वाहते आहे का, नळाला स्वच्छ पाणी येते का, आपल्या मुली डॉक्टर आणि परिचारिका होत आहेत का, हे आपण पाहिले पाहिजे. आणि कायदा घेऊन दारात येणाऱ्याने आधी सलाम करून आत यावे, एवढी अपेक्षा बाळगण्याचा आपल्याला हक्क आहे.