सिंगापूर ते न्यूयॉर्क विमानप्रवासाला किती तास लागतात? तिकिटावरच्या वेळा का गोंधळात टाकतात?

एकदा विमानात बसलं की थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं! सिंगापूरचं चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचं जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर सुमारे १५,३४९ किलोमीटर आहे. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान कुठेही न थांबता हे अंतर १८ ते १९ तासांत कापतं. जगातल्या सर्वांत लांब नियमित प्रवासी उड्डाणांमध्ये त्याची गणना होते. केनेडी विमानतळासाठीची ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली.

विमान नेमकं कुठून जातं?

पृथ्वी गोल असल्यामुळे या दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो. पण विमान दरवेळी त्याच मार्गाने जात नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हे वारे पाठीशी असतील, तर थोडा लांबचा मार्गही लवकर संपतो आणि इंधन वाचतं. त्यामुळे मार्ग आणि वेळ रोज थोडी बदलू शकते.

एवढं इंधन मावतं कसं?

यासाठी एअरबस ए३५०-९०० यूएलआर हे खास विमान वापरलं जातं. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी फक्त १६१ आसनं आहेत. त्यात इकॉनॉमी क्लास नाही.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असते. सिंगापूर न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात १२ तास, तर हिवाळ्यात १३ तास पुढे असतं.

समजा, उन्हाळ्यात सोमवारी रात्री १० वाजता न्यूयॉर्कहून विमान निघालं. तेव्हा सिंगापुरात मंगळवारचे सकाळचे १० वाजलेले असतात. प्रवास साडेअठरा तासांचा धरला, तर विमान बुधवारी पहाटे साडेचारला उतरेल. म्हणजे मंगळवार जवळपास विमानातच गेला! घाईत हॉटेल किंवा पुढचं तिकीट मंगळवारचं काढलं, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

उलट दिशेने गंमत वेगळीच. मंगळवारी दुपारी १२ वाजता सिंगापूरहून निघून १८ तास प्रवास केला, तरी न्यूयॉर्कमध्ये मंगळवारचेच संध्याकाळचे ६ वाजलेले असतील.

एवढा वेळ बसताना काय काळजी घ्याल?

बराच वेळ एका जागी बसल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठून चाला, पाय हलवत राहा, पुरेसं पाणी प्या. पूर्वी असा त्रास झाला असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.